गुण, क्रमांक आणि सवय : नागरिकांचे वर्तन घडवणारे डिजिटल खेळ

जबलपूर : ‘स्वच्छ सर्वेक्षण २०२४-२५’चे पुरस्कार १७ जुलै २०२५ रोजी नवी दिल्लीतील विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते प्रदान करण्यात आले. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांच्या गटात अहमदाबाद, भोपाळ, लखनौ आणि रायपूर यांच्यापाठोपाठ जबलपूरने पाचवा क्रमांक मिळवला. नर्मदाकाठच्या या शहराला ‘संस्कारधानी’ हे बिरूद आचार्य विनोबा भावे यांनी दिल्याचे सांगितले जाते. संस्कार उपदेशातून, सहवासातून आणि सरावातून रुजतात, असे आजवर मानले गेले. आता त्या कामी गुण, क्रमवारी, मोबाइल ॲप आणि नियंत्रण कक्षातील पडदेही वापरले जात आहेत.

कचरा कोठे टाकावा, कार्यालयात किती वाजता पोहोचावे, सिग्नलवर भोंगा वाजवावा की नाही, पैसे रोखीने द्यावेत की मोबाइलवरून, असे रोजचे साधे निर्णय खेळाच्या युक्त्यांनी बदलता येतात काय आणि बदलले तर ते किती काळ टिकतात, याचा हा आढावा.

संकल्पना काय आहे?

खेळ नसलेल्या व्यवहारात खेळाचे घटक वापरणे, या पद्धतीला इंग्रजीत ‘गेमिफिकेशन’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘खेळीकरण’ हा शब्द वापरता येईल. सेबास्टियन डिटरडिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या अर्थाची व्याख्या मांडली आणि अभ्यासकांत ती रूढ झाली. गुण, पदके, पायऱ्या, क्रमवारी, सोडत, ठरावीक मुदत आणि कृती करताच मिळणारा प्रतिसाद, हे खेळीकरणाचे मुख्य घटक होत.

या विचाराशी नाते सांगणाऱ्या आणखी दोन धारा आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बी. जे. फॉग यांनी संगणकाच्या साह्याने माणसाचे मन वळवण्याचे तंत्र अभ्यासले. त्यांचे या विषयावरील पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. रिचर्ड थेलर आणि कास सनस्टीन यांनी २००८ मध्ये ‘नज’ ही कल्पना लोकप्रिय केली. सक्ती न करता आणि पर्याय काढून न घेता, निवडीची मांडणी बदलून माणसाला इष्ट दिशेला हलकेच वळवणे, हा तिचा अर्थ. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या तंत्राचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे रोज दहा हजार पावले चालण्याचे लक्ष्य. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. जपानमधील यामासा कंपनीने १९६५ मध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आणले. ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा त्याच्या नावाचा अर्थ होता. विक्रीसाठी निवडलेला हा सुटसुटीत आकडा पुढे जगभरातील मनगटी पट्ट्यांचे आणि आरोग्यविषयक ॲपचे लक्ष्य बनला. आकडा समोर दिसू लागला की माणूस त्याच्यामागे चालू लागतो, हे यातून दिसते.

मोक्षपटापासून ग्रामस्वच्छतेपर्यंत

खेळातून आचरण शिकवण्याची कल्पना मराठी मनाला नवी नाही. सापशिडीचा पूर्वज मानल्या गेलेल्या मोक्षपटाचे जनकत्व परंपरेने संत ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. या प्रकारच्या पटांवर सद्गुणांच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणांच्या घरात साप खाली ओढतो आणि अखेरचे घर मोक्षाचे असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये पोहोचला आणि हळूहळू त्यातील नीतीची शिकवण मागे पडून करमणूक उरली. खेळ टिकला, पण ज्यासाठी तो रचला होता तो हेतू गळून पडला. आजच्या डिजिटल प्रयोगांनीही ध्यानात ठेवावा असा हा धडा आहे.

सार्वजनिक कामाला स्पर्धेचे रूप देण्यातही महाराष्ट्राने पुढाकार घेतला. कीर्तनापूर्वी हाती खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाने राज्यात २०००-०१ मध्ये ‘संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान’ सुरू झाले. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. गावांनी एकमेकांशी चढाओढ करावी, तपासणी पथकांनी गुण द्यावेत आणि उत्तम गावांना रोख पारितोषिक मिळावे, अशी त्याची रचना होती. केंद्र सरकारचा ‘निर्मल ग्राम पुरस्कार’ त्यानंतर २००३ मध्ये आला. मोबाइल ॲप खेड्यापाड्यांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी गुण, क्रमांक आणि बक्षीस यांची ही त्रिसूत्री गावोगावी परिचयाची झाली होती.

जबलपूरचा अनुभव

‘स्मार्ट सिटी’ योजनेतील शहरांची निवडही स्पर्धेतूनच झाली. पहिल्या वीस शहरांची यादी २८ जानेवारी २०१६ रोजी जाहीर झाली, त्यात जबलपूर होते. पुणे, सोलापूर आणि बेळगाव ही मराठी वाचकांच्या जवळची शहरेही त्याच यादीत होती. पुढे मध्य प्रदेशातील भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर, उज्जैन, सागर आणि सतना या सात स्मार्ट शहरांसाठी सामायिक क्लाउड यंत्रणेवर चालणारी एकात्मिक नियंत्रण कक्षांची व्यवस्था उभारण्यात आली. वाहतूक, कचरा आणि पथदिवे अशा सेवांची माहिती एका ठिकाणी पाहता यावी, हा त्यामागचा हेतू.

जबलपूरमध्ये कचरा संकलनावर लक्ष ठेवण्यासाठी घरांवर आरएफआयडी टॅग बसवण्यात आले. गाडीसोबतच्या कर्मचाऱ्याने उपकरणाने टॅग वाचला की त्या घरी गाडी पोहोचल्याची नोंद होते. येथे खेळाडू कोण, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. टॅगमुळे प्रथम मोजले जाते ते कर्मचाऱ्याचे काम. घरातील माणसाने ओला आणि सुका कचरा वेगळा केला की नाही, हे टॅग सांगू शकत नाही. ते पाहण्यासाठी डब्यात डोकावणारा माणूसच लागतो.

याच ठिकाणी घरातल्या सवयीचा संबंध थेट शहराच्या यंत्रणेशी जुळतो. शहरालगत कठौंदा येथे २०१६ मध्ये कचऱ्यापासून वीज तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. त्याची रोजची क्षमता ६०० टन कचऱ्याची असून स्थापित वीजक्षमता ११.५ मेगावॉट आहे. भाजीची देठे, उरलेले अन्न आणि फळांच्या साली यांत पाण्याचे प्रमाण मोठे असते. असा ओला कचरा कागद व प्लास्टिकमध्ये मिसळला की उष्णतेचा बराच भाग ते पाणी आटवण्यातच खर्च होतो. शिवाय ज्यापासून खत व्हायचे तेही जळून जाते. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले होते. मात्र कोट्यवधी घरांच्या स्वयंपाकघरात निरीक्षक उभा करता येत नाही. म्हणून नियमाच्या जोडीला स्पर्धा आली.

सर्वेक्षण : देशव्यापी क्रमवारी

‘स्वच्छ सर्वेक्षण’ २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झाले. २०१७ मध्ये शहरांची संख्या ४३४ झाली आणि पुढच्याच वर्षी ती चार हजारांवर गेली. गुणांचा पसाराही वाढत गेला. २०१७ मध्ये एकूण २,००० गुण होते, २०२० मध्ये ६,०००, २०२३ मध्ये ९,५०० आणि २०२४-२५ मध्ये १२,५०० झाले.

नियमांतील बदलांवरून खेळाची रचना कशी सुधारत गेली, ते कळते. सुरुवातीला वर्षातून एकदा तपासणी होई. त्यामुळे पथक येण्यापूर्वी शहर लख्ख करण्याकडे कल राहणे स्वाभाविक होते. सर्वेक्षण २०२० साठी त्रैमासिक ‘लीग’ आणण्यात आली, जेणेकरून वर्षभर सातत्य राहावे. दुसरी अडचण इंदूरच्या सततच्या पहिल्या क्रमांकाने दाखवून दिली. तोच विजेता दर वर्षी ठरलेला असेल, तर इतरांचा उत्साह मावळतो. २०२४-२५ मध्ये इंदूर, सुरत, नवी मुंबई अशा सातत्याने अग्रेसर राहिलेल्या २३ शहरांना ‘सुपर स्वच्छ लीग’ या वेगळ्या गटात ठेवण्यात आले आणि उर्वरित शहरांसाठी वरच्या जागा मोकळ्या झाल्या. जबलपूरचा पाचवा क्रमांक या नव्या रचनेतील आहे, हे तो वाचताना लक्षात घ्यावे लागते.

शहरांची वर्गवारीही याच विचाराने केलेली आहे. २०२३ च्या सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत पुणे जिल्ह्यातील सासवड पहिले आणि लोणावळा तिसरे आले. महानगरांशी एकाच यादीत झुंजावे लागले असते, तर हे यश दिसलेच नसते. बरोबरीच्या गटात जिंकण्याची शक्यता दिसली, तरच लहान गाव स्पर्धेत मनापासून उतरते.

अन्य प्रयोग

शहरांच्या स्पर्धेत बक्षीस महापालिकेला मिळते. एकेका नागरिकाशी थेट खेळणारे प्रयोगही देशात झाले आहेत. त्यांतील एक मुंबई पोलिसांचा होता. काही चौकांतील सिग्नलना ध्वनिमापक जोडण्यात आले. लाल दिवा असताना भोंग्यांचा आवाज ८५ डेसिबलच्या पुढे गेला की उलटगणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. जास्त वाजवाल, तर जास्त थांबाल, असा त्याचा सरळ नियम. जानेवारी २०२० मध्ये त्याची चित्रफीत प्रसारित झाली आणि देशभर तिची चर्चा झाली. त्यातील शिक्षा व्यक्तीला नसून सर्वांना होती. त्यामुळे भोंगा वाजवणाऱ्याला शेजारचा चालकच रोखण्याची शक्यता निर्माण झाली. त्याचबरोबर शांत बसलेल्यालाही दुसऱ्याच्या उतावीळपणाची किंमत मोजावी लागली.

बेंगळुरूमध्ये इन्फोसिस आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक बालाजी प्रभाकर यांनी २००८-०९ मध्ये सुमारे सहा महिने एक प्रयोग केला. गर्दीच्या वेळेआधी कार्यालयात येणाऱ्या कर्मचाऱ्यांना गुण मिळत आणि त्या गुणांवर साप्ताहिक सोडतीत भाग घेता येई. लवकर येणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली आणि बसने येणाऱ्यांचा सकाळचा सरासरी प्रवास ७१ मिनिटांवरून ५४ मिनिटांवर आला. दंड न लावता आणि रस्ता रुंद न करता हा फरक पडला.

नोटाबंदीनंतर डिजिटल व्यवहारांना चालना देण्यासाठी केंद्राने २५ डिसेंबर २०१६ पासून ग्राहक व व्यापारी यांच्यासाठी सोडतीच्या दोन योजना चालवल्या. त्यांच्या मोठ्या बक्षिसांचे वितरण १४ एप्रिल २०१७ रोजी नागपुरात पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्यानंतर खासगी कंपन्यांनीही हीच वाट धरली. गुगल पेने २०१९ च्या दिवाळीत पणती, कंदील, रांगोळी अशी आभासी तिकिटे जमवण्याचा खेळ मांडला. संपूर्ण संच जुळवण्यासाठी नातेवाईक व मित्रांकडे ‘रांगोळी’ मागणारे असंख्य संदेश त्या वेळी फिरले.

पाण्याच्या क्षेत्रात पाणी फाउंडेशनची ‘वॉटर कप’ स्पर्धा उल्लेखनीय ठरली. २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत ती सुरू झाली आणि सातारा जिल्ह्यातील वेळू गावाने पहिले पारितोषिक पटकावले. २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोहोचली. उन्हाळ्यातील सुमारे दीड महिन्यात गावाने श्रमदानातून जलसंधारणाची कामे करायची, असे तिचे स्वरूप होते. पाणी अडवणे दीड महिन्यात जमते; अडवलेले पाणी जपून वापरणे आणि त्यानुसार पीक निवडणे ही वर्षानुवर्षांची सवय आहे. संस्थेने २०२० मध्ये दीर्घ मुदतीची ‘समृद्ध गाव स्पर्धा’ आणि त्यानंतर शेतकरी गटांसाठी ‘फार्मर कप’ आणला. वर्तन बदलायचे तर खेळाची मुदतही लांबवावी लागते, हे या प्रवासातून दिसते.

सवय लागण्यास लागणाऱ्या काळाबद्दल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासातही असेच दिसले. एखादी नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींसाठी हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पंधरवड्याच्या मोहिमेतून सवयीची अपेक्षा करणे म्हणूनच व्यर्थ ठरते.

बक्षीस उलटते तेव्हा

खेळीकरणाचे यश सांगणारे प्रयोग जसे आहेत, तसेच सावध करणारेही आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना त्यासाठी पैसे मिळाले, त्यांचा मोकळ्या वेळेत कोड्यांशी खेळण्याचा ओढा मोबदला थांबल्यावर घटला. १९७३ मध्ये मार्क लेपर व सहकाऱ्यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर प्रयोग केला. प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगितलेली मुले नंतरच्या दिवसांत इतरांच्या तुलनेत निम्माच वेळ चित्रांत रमली. आवडीने होणाऱ्या कामाला बक्षीस जोडले, की बक्षीस हेच कामाचे कारण बनू शकते.

दंडाचेही तसेच होते. इस्रायलमधील हैफा येथील दहा पाळणाघरांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड सुरू होताच उशीर करणारे वाढले. दंड मागे घेतल्यावरही ते पूर्वीइतके कमी झाले नाहीत. पालकांच्या मनातील संकोचाची जागा शुल्काने घेतली होती.

मोजमापाचा तिसरा धोका ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या १९७५ मधील विवेचनावरून ‘गुडहार्टचा नियम’ म्हणून ओळखला जातो. एखादे मोजमाप हेच उद्दिष्ट झाले, की ते विश्वासार्ह मोजमाप राहत नाही. स्वच्छ सर्वेक्षणाच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘स्वच्छता’ ॲप किती जणांनी उतरवून घेतले, यालाही गुण होते. मात्र ॲप फोनमध्ये असणे आणि गल्ली स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एका दिवसाच्या मोहिमेने साधते, तर दुसरीसाठी वर्षाचे ३६५ दिवस झटावे लागते.

त्याच युक्त्यांची दुसरी बाजू

पुढचे बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले, की कृती पुन्हा पुन्हा केली जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले होते. स्क्रॅच कार्ड आणि सोडत याच तत्त्वावर चालतात. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही त्यावरच चालतात. अशा खेळांमुळे सुमारे ४५ कोटी लोकांना फटका बसला असून त्यांचे २० हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाल्याचा अंदाज केंद्र सरकारने मांडला. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी असून ते चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक खेळांना मात्र प्रोत्साहन देण्याची भूमिका आहे. या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयांत दाखल झाल्या. यांपैकी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरमध्ये आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या याचिका स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

दुसरा प्रश्न खासगीपणाचा आहे. वर्तन मोजल्याशिवाय गुण देता येत नाहीत आणि मोजायचे तर नोंद ठेवावी लागते. कोणत्या घरातून कधी कचरा निघतो, कोण किती वाजता कोठे पोहोचतो, कोण कशावर खर्च करतो, ही माहिती साठत जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास या कायद्याने मनाई केली आहे. शाळांमधून चालणाऱ्या गुणांच्या ॲपकडे यापुढे या दृष्टीनेही पाहावे लागेल.

पारखण्याच्या कसोट्या

आपल्या शहरात किंवा सोसायटीत असा एखादा उपक्रम सुरू झाला, तर नागरिकांनी काही प्रश्न विचारणे इष्ट ठरते. गुण नेमके कशाला मिळतात, प्रत्यक्ष कृतीला की तिच्या नोंदीला? सहभाग खरोखर ऐच्छिक आहे काय? ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांचे स्थान काय? गोळा झालेली माहिती कोणाकडे आणि किती काळ राहते? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बक्षीस संपल्यावर ही कृती सोपी राहावी यासाठी कोणती कायमची व्यवस्था केली आहे?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ॲपमध्ये सापडत नाही. ते ठरलेल्या वेळी येणाऱ्या कचरागाडीत, त्या गाडीतील ओल्या-सुक्याच्या दोन वेगळ्या कप्प्यांत आणि ते कप्पे शेवटपर्यंत वेगळे राहतात या नागरिकांच्या खात्रीत असते. घरी नीट वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होताना एकदा दिसला, तर कोणताही गुण किंवा पदक ती सवय वाचवू शकत नाही. उलट गाडी रोज आली आणि आपल्या श्रमाचे पुढे काय होते हे लोकांना दिसले, तर स्पर्धा नसलेल्या वर्षीही दोन डबे भरत राहतात.

जबलपूरचा पाचवा क्रमांक शहराच्या नावे नोंदला गेला आहे. पुढील क्रमवारीत तो बदलेल, वर जाईल किंवा खाली येईल. कठौंद्याच्या भट्टीत मात्र क्रमांक पोहोचत नाही. तेथे पोहोचतो तो घराघरांतून निघालेला कचरा, जसा वेगळा केला असेल तसा.